आहाराचा नेम : आरंभ आणि सातत्य

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी आणि कांद्याची थालीपीठे होतात आणि त्यानंतर चार महिने कांदा, लसूण, वांगी यांना स्वयंपाकघरात मज्जाव असतो. ही प्रथा आता सर्वत्र राहिलेली नाही. परंतु ज्या घरांत ती आहे तेथे ती बिनबोभाट पाळली जाते. त्याच घरातील मंडळी जानेवारीच्या पहिल्या तारखेस 'साखर बंद, तळलेले बंद, रात्रीचा भात बंद' असा निश्चय करतात, तेव्हा तो संक्रांतीच्या तिळगुळापर्यंतही टिकत नाही. आहार सुधारू इच्छिणाऱ्याने या विसंगतीचा थोडा विचार करावा.

चातुर्मासाच्या नेमामागे श्रद्धेचे बळ असते, हे खरेच. परंतु त्याची रचनाही शहाणपणाची आहे. वर्ज्य पदार्थ मोजके. आरंभ आणि शेवट पंचांगाने ठरविलेला. घरातील लहानथोरांस ठाऊक. आणि मुख्य म्हणजे तो पदार्थ घरातच येत नसल्याने प्रत्येक जेवणाच्या वेळी मनाशी झगडा करावा लागत नाही. एकाग्रता म्हणून जिला आपण नावाजतो, ती पुष्कळदा अशा पूर्वतयारीचेच फळ असते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ९६ स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी कृती रोज ठरावीक प्रसंगी करण्याचे व्रत घेतले होते. कृती अंगवळणी पडण्यास लागणारा काळ ६६ दिवसांच्या आसपास निघाला. मात्र कोणास १८ दिवस पुरे झाले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारशी बाधा येत नाही, हेही त्यात आढळले. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या अधिक झाल्या म्हणून 'आता नेम मोडलाच' असे समजून सर्वच सोडून देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

नेम कशाचा धरावा? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दोन हजार किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात तृणधान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस-मासे ८५ ग्रॅम, दूध अथवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम, असे प्रमाण तीत सुचविले आहे. भाजी नियमाने मोजून कोणी खात नाही. तराजू स्वयंपाकघरात आला की आठवड्यात माळ्यावर जातो. म्हणून हे आकडे ताटाऐवजी वाण्याच्या यादीत उतरवावेत, असे आम्हांस वाटते. दररोज २७ ग्रॅम म्हणजे चार प्रौढांच्या कुटुंबास महिन्याला तेल व तूप मिळून सुमारे सव्वातीन किलो. यादीत तेवढेच लिहिले आणि मध्येच पिशवी मागविली नाही, की तळणाचा निर्णय कढईसमोर उभे राहून घ्यावा लागत नाही.

भाज्यांची गोष्ट इतकी सोपी नाही. याच हिशेबाने चौघांना आठवड्यास अकरा किलोंहून अधिक भाजी लागेल. मजुरीवर चालणाऱ्या घरास ती बाजारातून विकत घेण्याचा उपदेश करणे हे शहाणपण नव्हे. परसातील शेवगा, सांडपाण्यावरचे अळू, पावसाळ्यातील टाकळा व कुर्डू यांचा आधार तेथे मोठा. शाळेच्या परसबागेत मुलांनी लावलेला मेथीचा वाफा हाही या दृष्टीने खऱ्या उपयोगाचा धडा आहे. कडधान्याच्या उसळीवर लिंबू पिळले तर त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते आणि जेवणालगत घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे पाहता 'चहा जेवणानंतर तासाभराने' एवढा एक नेमही लहान म्हणता येणार नाही.

प्रस्तुत लेखकाचा नेम साखरेचा. कार्यालयातील आरोग्य तपासणीत रक्तशर्करा सीमारेषेवर आली, तेव्हा दिवसास पाच कप चहा आणि कपास दोन चमचे, असा हिशेब निघाला. चमच्यात चार ग्रॅम धरली तरी ही चहातीलच साखर ४० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा दोन हजार किलोकॅलरींच्या आहारास ५० ग्रॅमची असून, ती २५ ग्रॅमपर्यंत आणणे अधिक हितावह मानले आहे. प्रारंभी सर्वच एकदम सोडून पाहिले. चौथ्या दिवशी उपवासाच्या निमित्ताने साबुदाण्याची खिचडी आणि वर बर्फी झाली. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण अनुभवाचीच असावी. पुढे फक्त सकाळचा पहिला चहा एक चमच्याचा केला, तो जमल्यावर दुसरा.

आपल्या सार्वजनिक चालीरीती या प्रयत्नांच्या आड येतात, ही मात्र आपल्या हातची बाब आहे. ग्रामसभेनंतर भजी आणि बिस्किटे, शाळेत वाढदिवसाची चॉकलेटे, पाहुण्या अधिकाऱ्यासमोर पेढ्यांची बशी. नाही म्हणावे तर यजमानाचा अवमान. उकडलेले हरभरे, भाजलेले शेंगदाणे, केळी किंवा ताक ठेवल्यास खर्च फारसा वाढत नाही आणि नेम धरलेल्या माणसास खुलासे करीत बसावे लागत नाही. ग्रामपंचायतीने असा ठराव केल्यास त्याची अंमलबजावणी पुढच्याच सभेपासून होऊ शकते.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी आहारात बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. जेवण एकाएकी कमी केल्याने त्यांना अपाय होऊ शकतो.

आमच्या कार्यालयात चहावाले मामा आता न विचारता एक पेला वेगळा ठेवतात. पहिले काही दिवस त्यांना रोज आठवण करून द्यावी लागत असे. तिसऱ्या महिन्यात एकदा चुकून नेहमीचा पेला हाती आला, तो इतका गोड लागला की अर्धा तसाच राहिला.