संगणक घरी जुळवावा की तयार आणावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरी एक मागणी पुढे येते. पूर्वी ती सायकलची असे, पुढे मोबाइलची झाली. आता ती 'गेमिंग पीसी'ची असते. मागणी करणारे चिरंजीव (किंवा कन्या, या छंदात मुली मागे नाहीत) तेवढ्यावर थांबत नाहीत. "तयार नको, मी स्वतः जुळवतो, स्वस्त पडेल," असेही सांगून मोकळे होतात, आणि आईवडिलांची पंचाईत होते. एवढी रक्कम खर्चून सुटे भाग आणायचे आणि ते सोळा वर्षांच्या मुलाच्या स्वाधीन करायचे, ही कल्पनाच अनेकांना पेलवत नाही. असे पालक शाळेत येऊन विचारतात, म्हणून या विषयात लक्ष घालावे लागले. तेव्हा असे दिसून आले, की मुलगा सांगतो ते कारण फारसे खरे नाही आणि पालकांना वाटते ती भीतीही फारशी खरी नाही. खरा प्रश्न तिसराच आहे.

हा वाद घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा संगणक झळकला. तो सुट्या भागांच्या रूपात टपालाने मिळे आणि हौशी मंडळी घरी बसून, डाग देऊन तो जोडत. पुढच्याच वर्षी 'अॅपल-१' निघाला, तेव्हा पॉल टेरेल नावाच्या दुकानदाराने पन्नास नगांची मागणी नोंदवली. पण अट अशी घातली, की सुटे भाग नकोत, जोडलेला बोर्डच हवा. गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते, हे त्या व्यापाऱ्याने तेव्हाच ओळखले होते. १९८१ साली आयबीएमने आपला 'पीसी' बाजारात आणला तो बव्हंशी इतरांकडून घेतलेल्या भागांचा, आणि त्याची अंतर्गत रचनाही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे त्याबरहुकूम यंत्रे बनवण्याची वाट इतरांना मोकळी झाली. १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' नावाचे माप ठरवले. मदरबोर्डाची लांबीरुंदी किती, स्क्रूची भोके कुठे, वीजपुरवठ्याच्या डब्याचा आकार कोणता, हे सारे त्यात आले. एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या पेटीत आज बिनतक्रार बसतो तो या मापामुळे. पुढे एका प्रसंगात याच मापाशी पुन्हा गाठ पडणार आहे.

आता पालकांची भीती पाहू. गेमिंगच्या संगणकात मुख्य भाग आठच: प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कूलर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, खेळातील चित्रे सेकंदाला साठ-शंभर वेळा रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि हे सारे पोटात घेणारी कॅबिनेट. आता डाग द्यावा लागत नाही. एक बरा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. बहुतेक खाचा अशा केलेल्या असतात, की वस्तू उलटी बसतच नाही. जपायचे ते मुख्यतः एका जागी. हल्लीच्या प्रोसेसरखाली, बोर्डावर, केसासारख्या बारीक पिनांची दाटी असते. तीतली एखादी वाकली, तर बोर्ड गेला म्हणून समजावे, आणि अशी इजा सहसा हमीत बसत नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये जो लेप लागतो तो वाटाण्याएवढा पुरे. श्रीखंडासारखा थापू नये. कामाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरते. खरा घाम फोडतात त्या कॅबिनेटच्या बटणाकडून येणाऱ्या चारदोन बारीक तारा. त्यांच्यासाठी बोर्डासोबतची पुस्तिका उघडावीच लागते. सरावाच्या माणसाला दोनतीन तास लागतात, नवख्याने अख्खा रविवार राखून ठेवावा. एवढे सगळे करून मॉनिटरची तार मात्र ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला जोडणारे आणि महागडे कार्ड आठवडाभर रिकामे बसवणारे महाभागही असतात. पण यात असाध्य असे काही नाही.

मुलगा सांगतो ती बचत मात्र तपासून घ्यावी. ती कधी असते, कधी नसते. २०२० आणि २१ साली एकीकडे महामारी आणि दुसरीकडे 'इथेरियम' या आभासी चलनाचे खाणकाम यांमुळे ग्राफिक्स कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर विकली जात होती. त्या काळात तयार यंत्र घेणाऱ्यालाच कित्येकदा कार्ड त्यातल्या त्यात रास्त भावात पडले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ते खाणकाम थांबले. पुढे २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीची पाळी आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी चिपांची एवढी उचल केली, की रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने तर सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा व्यवसायच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा भाव पाहायचा तो त्या आठवड्याचा. गेल्या वर्षीच्या व्हिडिओतला नव्हे. शिवाय मुलाच्या हिशेबाच्या कागदावर विंडोजच्या परवान्याची रक्कम बहुधा नसते. ती विचारली, की तो हसतो. चोरीच्या प्रतीवर संसार थाटायचा असेल, तर बचतीचा हिशेबच मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रश्न आहे तो जबाबदारीचा. यंत्र बिघडले, तर ते कोणाच्या गळ्यात?

येथील उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत फिटर असलेल्या पालकांनी मुलाच्या हट्टाखातर, पण मनाविरुद्ध, सुटे भाग घेऊ दिले. प्रोसेसर आणि बोर्ड एका दुकानातून, कार्ड ऑनलाइन, एसएमपीएस बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून. जुळणी पहिल्याच दिवशी साधली. चौथ्या महिन्यात मात्र खेळ ऐन रंगात आला, की यंत्र धाडकन बंद पडू लागले. कार्डवाल्यांनी तपासून सांगितले, कार्ड ठीक आहे. बोर्डवाल्यांनी सांगितले, बोर्ड ठीक आहे, विंडोजमध्ये दोष असेल. जो तो आपल्यापुरता खरे बोलत होता. एकूण यंत्राचा धनी मात्र कोणीच नव्हता. सुट्या भागांच्या खरेदीतला खरा तोटा तो हाच. प्रत्येक भागाला स्वतंत्र हमी असते, कित्येकदा ती तयार यंत्राच्या हमीपेक्षा दीर्घही असते. पण दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याचे काम आपले असते.

तो शोध वडिलांच्या एका वाक्याने लागला. "आमची मशीन अशी बंद पडाय लागली, की आम्ही आधी लोड काढून बघतोय," ते मुलाला म्हणाले. मग रीतसर तपास सुरू झाला. अभ्यासाचे काम करताना यंत्र दिवसभर चालते. खेळाचा ताण आला, की मरते. कार्डाची गती मुद्दाम कमी केली, की तगते. म्हणजे वीज कमी पडत असावी. मित्राकडून एका संध्याकाळपुरता एसएमपीएस उसना आणला, आणि तीन तास खेळूनही यंत्र हलले नाही. हमीत नवा एसएमपीएस येईपर्यंत तीन आठवडे गेले. "दुरुस्तीचं सोडा, सर," ते गृहस्थ मला म्हणाले, "दहावी झाल्यापासनं पोरगं माझ्याशी इतकं बोललं नव्हतं."

याच्या उलट उदाहरण एका बँक कर्मचाऱ्यांच्या घरचे. त्यांनी मुलीसाठी नामांकित कंपनीचे तयार यंत्र आणले. वर्षभराने पंखा बिघडला. फोन केला, कारागीर घरी आला, पंखा बदलून गेला, पैसा पडला नाही. ज्या घरात दोघेही नोकरीवर जातात आणि बिघाडामागे धावायला कोणाला सवड नसते, तिथे या सुखाची किंमत मोजणे मुळीच उधळेपणाचे नाही. पण दोन वर्षांनी मुलगी वास्तुशास्त्राच्या अभ्यासाला लागली आणि तिला अधिक ताकदीचे कार्ड हवे झाले. पेटी उघडली तेव्हा कळले, की एसएमपीएस त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, तारांची टोकेही तिचीच. बाजारातला मोठा एसएमपीएस त्या पेटीत बसेना, आणि तो बोर्ड दुसऱ्या पेटीत बसेना. वर सांगितलेले 'एटीएक्स' माप इथे मोडले होते. जाहिरातीत याचा उल्लेख नसतो. याउलट, एएमडीच्या 'एएम-४' बैठकीचे बोर्ड ज्यांनी २०१७ मध्ये घेतले, त्यांपैकी अनेकांना २०२२ मध्ये आलेला प्रोसेसर त्याच बोर्डावर, फक्त बायॉस अद्ययावत करून, बसवता आला. पाच वर्षांनी यंत्राचा मेंदू बदलला, बाकी संसार तोच.

घरात बिघाडामागे चिकाटीने बसणारा एक तरी माणूस असेल, तर यंत्र खुशाल घरी जुळवावे; नसेल, तर तयार आणावे, असे मी पालकांना सांगतो. मुलगा हुशार आहे की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. चिकाटीचा आहे काय, ते विचारावे. आपल्याकडे एक मधली वाटही आहे. भागांची यादी आपण करायची आणि सगळे एकाच दुकानातून घेऊन जुळणी त्यांच्याकडूनच करवून घ्यायची. नव्वदच्या दशकापासून आपण ज्याला 'असेम्बल्ड' म्हणत आलो ते हेच. दुकानदार गावातला आणि जुना असेल, तर बिघाडाच्या वेळी निदान एक दार ठोठावता येते. मात्र पक्के बिल घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. "१६ जीबी रॅम, ५०० वॅट सप्लाय" एवढ्यावर समाधान मानू नये. तयार यंत्रातही काटकसर होते ती बहुधा याच दोन जागी: एसएमपीएस अनामिक असतो, आणि रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच घातलेली असते, त्यामुळे प्रोसेसरचा वेग नाहक खुंटतो.

आणि यंत्र कोणतेही घ्या, ते ज्या प्लगला लावणार त्याचे अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरे भोक पुष्कळदा नावालाच असते. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या आल्यासारखे झाले, तर समजावे. यूपीएस घेताना कार्डाची वीज हिशेबात धरावी. साध्या संगणकाचा यूपीएस गेमिंगच्या यंत्राला कित्येकदा पुरत नाही. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात हा खर्च पहिल्या यादीतच लिहावा, नंतर पाहू म्हणू नये.