ऑस्ट्रेलियन आदिवासी कला, आधुनिक

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून जलरंग, ॲक्रिलिक रंग, कॅनव्हास, छायाचित्रण इ. नवी माध्यमे आत्मसात करून, तसेच सालीवरील चित्रणासारख्या पारंपरिक माध्यमांना नवे प्रयोजन देऊन निर्माण केलेली दृश्यकला. ह्या खंडात आदिवासींची वस्ती किमान ५०,००० वर्षांपासून आहे. कुळांचा इतिहास, भूप्रदेशाचे ज्ञान व आचारधर्म यांचे जतन ते गीते, नृत्ये, शैलचित्रे, वाळूवरील आकृत्या आणि अंगावरील रंगचित्रण यांच्या द्वारे करीत आले.

ह्या परंपरेच्या मुळाशी मध्य ऑस्ट्रेलियातील भाषांत ‘जुकुर्पा’ या नावाने ओळखली जाणारी कल्पना आहे. आद्य पूर्वजांनी संचार करीत डोंगर, पाणवठे व प्राणी निर्माण केले आणि आचारनियम घालून दिले, अशी ही श्रद्धा होय. पूर्वजांचे सामर्थ्य त्या त्या स्थळी आजही वसते असे मानले जात असल्यामुळे ‘स्वप्नकाळ’ हा रूढ प्रतिशब्द अपुरा ठरतो. प्रत्येक कथेवर विशिष्ट कुळाचा हक्क असतो व ती चित्रित करण्याचा अधिकार जन्म, नाते आणि दीक्षा यांवरून ठरतो. साहजिकच, काय दाखवावे व काय झाकावे हा ह्या कलावंतांपुढील मूलभूत प्रश्न होय.

अरंडा जमातीचा अल्बर्ट नामात्जिरा (१९०२–५९) हा राष्ट्रीय कीर्ती लाभलेला पहिला आदिवासी चित्रकार. त्याच्या जलरंगातील निसर्गचित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन १९३८ मध्ये मेलबर्न येथे भरले. ही चित्रे पाश्चात्त्य धाटणीची वाटली, तरी त्यांतील स्थळे त्याच्या पूर्वजांच्या भूमीतील आहेत. १९५७ मध्ये त्याला नागरिकत्वाचे हक्क मिळाले. परंतु आप्ताला मद्य दिल्याबद्दल १९५८ मध्ये त्याला शिक्षा झाली. ती त्याने पापुन्या वसाहतीत भोगली व त्यानंतर अल्पावधीतच तो मरण पावला.

ह्याच पापुन्यात नव्या चळवळीचा उगम झाला. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सु. २४० किमी.वर असलेल्या ह्या वसाहतीत निरनिराळ्या जमातींचे लोक शासनाने एकत्र आणले होते. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन ह्या कलाशिक्षकाच्या प्रोत्साहनाने तेथील वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मध-मुंगीच्या पूर्वजकथेचे चित्र रंगविले. १९७२ मध्ये कलावंतांच्या मालकीची ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही संस्था स्थापन झाली. वर्तुळ म्हणजे पाणवठा वा मुक्काम, रेषा म्हणजे मार्ग आणि इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेली व्यक्ती, अशी ही चिन्हभाषा आहे. मात्र संदर्भानुसार एकाच चिन्हाचे अर्थ बदलतात. आरंभीच्या काही चित्रांत दीक्षितांनाच पाहता येण्याजोगे विषय आल्याने इतर आदिवासींनी हरकत घेतली. त्यानंतर असे भाग वगळण्याची वा दाट ठिपक्यांखाली झाकण्याची प्रथा वाढली. शाळेवरील भित्तिचित्र १९७४ मध्ये रंग फासून पुसले गेले. क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी याचे वॉर्लुगुलाँग (१९७७) हे ह्या संप्रदायातील विख्यात चित्र २००७ मध्ये २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले गेले.

उत्तरेकडील आर्नेम लँडमध्ये कलेने भूमिहक्काची बाजू मांडली. बॉक्साइटच्या खाणीसाठी आपली जमीन घेतली जात असल्याचे पाहून यिर्काला येथील योल्ङू लोकांनी १९६३ मध्ये संसदेकडे विनंतिअर्ज पाठविले. त्यांची भाषा व इंग्रजी यांत टंकलिखित केलेला हा मजकूर झाडाच्या सालीवर चिकटविलेला असून त्याभोवती कुळांची चित्रे आहेत. योल्ङूंच्या दृष्टीने ही चित्रे जमिनीच्या मालकीचे दस्तऐवजच होत. न्यायालयाने १९७१ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. तथापि १९७६ मध्ये उत्तर प्रदेशासाठी (नॉर्दर्न टेरिटरी) आदिवासी भूमिहक्कांचा कायदा झाला.

इतर कलावंतांनी वसाहतकाळाचा इतिहास उघड केला. किंबर्लीतील रोव्हर टॉमस (सु. १९२६–९८) याने आदिवासींच्या कत्तलींची स्मृती मातीच्या रंगांत चित्रित केली. यूरोपीय वसाहतीला २०० वर्षे झाली त्या १९८८ साली रामिंगिनिंग व परिसरातील कलावंतांनी २०० पोकळ ओंडक्यांच्या अस्थिपेट्या रंगवून आदिवासी स्मारक उभारले. ते कॅनबराच्या राष्ट्रीय कलावीथीत आहे. एमिली कामे ङ्वारे (सु. १९१०–९६) हिने बाटिकनंतर, वयाच्या ऐंशीच्या सुमारास कॅनव्हासवर चित्रे काढण्यास सुरुवात करून अल्पावधीत अफाट निर्मिती केली. शहरी कलावंतांनी १९८७ मध्ये सिडनीत ‘बूमाली’ ही सहकारी संस्था स्थापन केली. आर्ची मूर याच्या किथ अँड किन ह्या कलाकृतीमुळे ऑस्ट्रेलियाच्या दालनास २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात सुवर्णसिंह पारितोषिक लाभले. काळ्या भिंतींवर खडूने लिहिलेली विशाल वंशावळ व मध्यभागी कोठडीतील आदिवासींच्या मृत्यूंविषयीचे शासकीय कागद, अशी तिची मांडणी होती.

कीर्तीबरोबर शोषणही वाढले. डेव्हिड मालांगी याची सालीवरील आकृती १९६६ मध्ये एक डॉलरच्या नोटेवर त्याच्या नकळत छापली गेली. पुढे त्याला मोबदला देण्यात आला. आदिवासी चित्रांची नक्कल करणाऱ्या गालिच्यांविरुद्धचा दावा कलावंतांनी १९९४ मध्ये जिंकला. चित्राच्या पुनर्विक्रीतून कलावंतास ५ टक्के स्वामित्वशुल्क देणारा कायदा २०१० पासून अंमलात आला. नामात्जिराच्या चित्रांचे स्वामित्वहक्कही २०१७ मध्ये त्याच्या वारसांच्या न्यासाकडे परत आले. कथा सांगण्याचा अधिकार ज्याचा, तिच्या प्रतिमेवरील अधिकारही त्याचाच, हे आदिवासींचे जुने तत्त्व अशा रीतीने आधुनिक कायद्यात अंशतः मान्य झाले आहे.