दशांश संख्येची मर्यादा आणि नियमित पदावली

गुणपत्रकातील शेकडा गुणांच्या रकान्यात ० ते १०० यांमधील, फार तर दोन दशांश स्थळांची संख्याच यावी, एवढीच अट संगणकाला सांगावयाची असते. त्याचे एक साधन म्हणजे नियमित पदावली, अर्थात रेग्युलर एक्स्प्रेशन. स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या गणिती विवेचनात तिचे मूळ आहे. केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ती मजकुराच्या शोधास लावून दाखविली.

हे साधन चिन्हांची रचना पाहते. संख्येचे मूल्य त्यास कळत नाही. ‘शंभराहून अधिक नसावी’ हा अर्थाचा नियम त्याला रूपाच्या नियमात उतरवून द्यावा लागतो. व्याकरणकारास ही अडचण नवी नाही. उतरवलेले रूप असे :

^(१००(\.००?)?|[१-९]?[०-९](\.[०-९][०-९]?)?)$

उभी रेघ विकल्प दाखविते, तर प्रश्नचिन्ह आधीचा घटक ऐच्छिक ठरविते. शंभराचा विकल्प वेगळा काढावा लागला, कारण त्याच्यापुढे शून्यांवाचून दुसरा अंक चालत नाही. आरंभीचे व अखेरचे चिन्ह संपूर्ण मजकुरास बांधतात. बाहेरचा कंस गाळल्यास मात्र आरंभचिन्ह पहिल्याच विकल्पाकडे राहते आणि ‘१००५’ हे त्यातील ‘१००’ च्या बळावर मान्य होते. बिंदूपूर्वीची तिरकी रेघ विसरणे त्याहून घातक. सुटा बिंदू म्हणजे कोणतेही एक चिन्ह. मग ‘४५७’ मधील ५ हाच दशांशचिन्ह गणला जातो, आणि ४५७ टक्के गुण बिनतक्रार नोंदले जातात!

वरची मर्यादा ३७.५ असली, तर अंकागणिक फोड करावी लागते : ० ते २९, ३० ते ३६ आणि ३७ हे तीन विकल्प. शेवटच्या विकल्पाचा अपूर्णांक (\.([०-४][०-९]?|५०?))? असा होतो. हे साधते, पण वाचवत नाही. अशा ठिकाणी पदावलीकडून केवळ रूप तपासून घ्यावे व तुलना अंकगणितावर सोपवावी, हेच शहाणपणाचे.

मात्र देवनागरी अंकांबाबत एक सावधगिरी हवी. युनिकोडमध्ये ते ओळीने असल्याने [०-९] ही मर्यादा बिनचूक चालते. पायथॉन भाषा ‘४५.५०’ चे संख्येत रूपांतर करते. जावास्क्रिप्ट तीस संख्याच मानत नाही. तेथे तुलनेपूर्वी अंकांचे लिप्यंतर करून घ्यावे लागते.