मालेगाव ४२३, सिन्नर ४२२
देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकास दहा अक्षरांकांचा संकेत देणारी ‘डिजिपिन’ योजना टपाल खात्याने २०२५च्या मे महिन्यात जाहीर केली, आणि सिंहस्थाच्या गर्दीत गोदाघाटावरची नेमकी पायरी तिच्यामुळे सांगता येईल हे खरे असले, तरी जागा सांगता येणे आणि तेथवरची वाट सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर या उत्साहात पडू नये.

हा भेद ज्यांच्या रचनेत स्वच्छ उमटला, ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि त्याहून विलक्षण म्हणजे संस्कृतात काव्यनाटके रचणारे पंडित होते. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांनी जेरीस आलेल्या खात्यासाठी त्यांनी सिद्ध केलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या टापूचा आणि अखेरचे तीन बटवडा करणाऱ्या कचेरीचे. त्यामुळे ४२२००३ हा पंचवटीचा आकडा हाती आलेल्या दूरच्या कारकुनाला आरंभीच्या अंकांवरून थैली निवडता येते, पंचवटी कोठे आहे हे त्याला ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. सिन्नर ४२२मध्ये, तर त्याच नाशिक जिल्ह्यातली मालेगाव, मनमाड, येवला ही गावे ४२३मध्ये. महसुली हद्द आणि टपालाची वाट यांत विरोध आला तेथे या रचनेने वाटेचा पक्ष घेतला, आणि माझ्या मते तिचे खरे पांडित्य येथेच आहे.

संगणकांच्या जाळ्यातला आयपी पत्ता याच जातीचा. जुन्या पद्धतीच्या बत्तीस द्विमान अंकांपैकी आरंभीचे काही अंक जाळे दाखवतात, उरलेले त्यातले यंत्र. वाटेवरचा प्रत्येक राउटर आपल्या दप्तरातल्या नोंदींशी आरंभीचे अंक ताडून, ज्या नोंदीशी अधिकांत अधिक अंक जुळतील तिच्यात सांगितलेल्या शेजाऱ्याकडे माहितीचे पाकीट सोपवून मोकळा होतो. मात्र येथे अंकांची वतने मुलखाला नव्हे, कंपन्यांना दिलेली आहेत. म्हणून सातपूर आणि पंचवटी येथील दोन ग्राहक निरनिराळ्या कंपन्यांचे असले, आणि त्या कंपन्यांची जाळी मुंबईतच एकमेकांना मिळत असली, तर गोदावरीपलीकडे जायचे पाकीट कसारा घाट उतरून पुन्हा चढते. नाशकात बसलेल्या माणसास एखादे संकेतस्थळ बिनदिक्कत मुंबईकर ठरवते, त्याचे मूळही बहुधा येथेच असते.

शेजारच्या जाळ्याने केलेली पत्त्यांची घोषणा न पारखता दप्तरात उतरवून घेणाऱ्या या व्यवस्थेचा भोळेपणा २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाला दिसला. यूट्यूबने स्वतःच्या १०२४ पत्त्यांचा गट घोषित केला असता, देशांतर्गत बंदीसाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलेच २५६ पत्ते आपले म्हणून पुकारले, ती पुकार सरहद्द ओलांडून बाहेर गेली, आणि अधिक अंक जुळणारी नोंद श्रेष्ठ या नियमानुसार जगभरच्या राउटरांनी ती निमूटपणे मान्य केल्यामुळे सुमारे दोन तास यूट्यूबकडे निघालेली पाकिटे भलतीकडेच जात राहिली. पुढे पत्त्यांच्या मालकीचे सही केलेले दाखले तपासण्याची सोय झाली, परंतु ती घोषणेचा उगमच पारखते. मधल्या वाटेचा तपशील खरा की बनावट, याची झडती घेण्याचा बंदोबस्त अद्याप सार्वत्रिक झालेला नाही.