दहा वर्षं आणि एक कुलूप

सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाला ३ डिसेंबर २०२५ ला दहा वर्षं पूर्ण झाली. त्याच सुमारास एका बसस्थानकावर ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी असलेल्या शौचालयासमोर मी व्हीलचेअर थांबवली, तर दाराला कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला. जाळीतून आत पाहिलं, तर कमोडवर फिनेलचे कॅन रचून ठेवलेले.

अशी शौचालयं हवीत हे नवं नाही. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात व्हीलचेअरला सोयीच्या शौचालयांचा उल्लेख होता, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पळवाटही होती. पुढची वीस वर्षं तिच्यातच गेली.

खरी आशा लागली ती २०१५ नंतर. डिसेंबर २०१६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत मिळाली. त्या दिवसांत आम्ही काही जण टेप घेऊन नवी शौचालयं मोजत फिरायचो. दार ९०० मिलिमीटर रुंद हवं, आत खुर्ची वळायला १५०० मिलिमीटर मोकळी जागा हवी, हे आम्हाला तोंडपाठ झालं होतं. प्रत्यक्षात कुठे जोत्याला दोन पायऱ्या असायच्या, कुठे दार आत उघडायचं. खुर्ची आत गेली की ते लागायचंच नाही. उघड्या दारात बसायची पाळी बाईमाणसावर आली तर तिने काय करायचं?

एका बैठकीत एक अभियंता म्हणाले होते, “अपंग माणसं इथं येतातच किती?” त्यांना आज उत्तर देते. आम्ही येत नव्हतो, कारण जायला जागा नव्हती. प्रवासाच्या दिवशी आम्ही सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसू. त्यापायी माझ्या मैत्रिणींनी मूत्रमार्गाचे संसर्ग सोसले आहेत.

त्याच काळात एक गवंडीही भेटला. आधाराचा दांडा बसवण्याआधी त्याने मला कमोडवर बसायला सांगितलं, माझा हात जिथं पोचला तिथं पेन्सिलने खूण केली आणि मगच भिंतीला भोक पाडलं. वापरणाऱ्याला आधी विचारण्याची ती पद्धत पुढे मागे पडली. आस्था असलेले अधिकारी बदलून गेले, करोनानंतर आमचा गटही पांगला. २०२२ च्या मध्याला ती पाच वर्षांची मुदत संपली, तेव्हा कुणाला जाब विचारला गेल्याचं मी पाहिलं नाही.

८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्याखालचे सुगमतेचे नियम शिफारशीवजा असल्याचं सांगून सक्तीचे निकष तीन महिन्यांत आखायला फर्मावलं. ही याचिका २००५ ची होती. जानेवारी २०२५ मध्ये देशभरच्या न्यायालयांतही दिव्यांगांसह सर्वांसाठी शौचालयं हवीत, असा आदेश त्याच न्यायालयाला द्यावा लागला. इतक्या साध्या गोष्टीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, याची मला चीड येते.

नगरपालिकांना आणि बांधकाम खात्याला माझी एकच विनंती आहे. शौचालय रोज उघडं आणि स्वच्छ ठेवायची जबाबदारी कुणाची, त्याचं नाव आणि फोन नंबर दारावर लिहा. आणि व्हीलचेअरवरचं माणूस एकट्याने आत जाऊन, दार लावून, वापर करून बाहेर आल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल मंजूर करू नका.