जुन्या प्रोग्रामला माहीत असतं ते

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता : जुनं सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसण्यापेक्षा सरळ नवीन का लिहीत नाही? आज तोच विषय घेतलाय. आम्ही व्यापाऱ्यांसाठी आणि लहान कारखान्यांसाठी त्यांच्या मापाची सॉफ्टवेअरं करतो. त्यातल्या एकाच कामाबद्दल आज सविस्तर बोलू, कारण त्या कामात आम्ही चुकलो होतो.

गिऱ्हाईक म्हणजे मार्केट यार्डातली कांदा-बटाट्याची एक अडत पेढी. शेतकऱ्याचा माल येतो, लिलाव होतो, वजन होतं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पट्टी म्हणजे हिशेबाचा कागद : इतक्या गोण्या, इतकं वजन, हा भाव, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं आणि आधी घेतलेली उचल वजा, खाली निव्वळ रक्कम. हे सगळं फॉक्सप्रो २.६ मधल्या एका प्रोग्राममध्ये चालायचं. ही आवृत्ती १९९४ सालची. १६ बिटांचा प्रोग्राम असल्यानं ६४ बिटांच्या विंडोजवर तो सुरूच होत नाही. त्यामुळे पेढीनं एक जुना कॉम्प्युटर अक्षरशः जपून ठेवला होता, आणि त्याचा पॉवर सप्लाय गेला तेव्हा आम्हाला फोन आला.

आम्ही पाहिलं आणि आमच्याही मनात पहिला विचार तोच आला, की हे फेकून द्या, नव्यानं लिहू. हा विचार जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामरला येतो. दुसऱ्यानं लिहिलेलं वाचणं स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून ते वाईट वाटतं. नेटस्केपची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्यांचा ब्राउझर जोरात होता. १९९७ मध्ये चौथी आवृत्ती आली. मग जुना कोड बाजूला ठेवून नव्यानं लिहायचं ठरलं. पाचवी आवृत्ती आलीच नाही, एकदम सहावी आली ती २००० च्या अखेरीला. तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला होता. जोएल स्पोल्स्की यांनी त्याच वर्षी यावर जो लेख लिहिला तो आजही वाचण्यासारखा आहे. त्यांचा मुद्दा असा, की जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळी म्हणजे बहुतेकदा कुणीतरी निस्तरलेल्या अडचणी असतात.

हे आम्ही वाचलेलं होतं बरं का. तरीही चुकलो.

शेतकऱ्यांच्या खात्यांच्या फाइलमध्ये नाव, गाव, पत्ता असे रकाने होते आणि ‘पत्ता २’ असा एक. तो बहुतेक ठिकाणी रिकामा. काही खात्यांत मात्र एखाददुसरं अक्षर : ‘थो’, ‘धा’, कुठे नुसता ‘म’. आम्हाला वाटलं, टाइप करताना चुकून पडलेला कचरा आहे. नवीन डेटाबेसमध्ये तो रकाना आम्ही घेतलाच नाही.

त्यात भर पडली मराठी अक्षरांची. त्या काळात युनिकोड सर्वत्र नव्हतं. मजकूर साठवला जायचा तो त्या त्या फॉन्टच्या हिशेबानं. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते डावीकडे. रफार मात्र अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमानं. तेव्हा नुसती अक्षरं बदलून चालत नाही, क्रमही फिरवावा लागतो. आणि सगळ्यात त्रासदायक काय, तर ‘कुऱ्हाडे’मधला तो ऱ्ह. साधा र घेतला तर त्याचा रफार होऊन ‘कुर्हाडे’ होतं. बरोबर यायचं तर नुक्ता असलेला वेगळा र लागतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ही दोन वेगळी आडनावं झाली. काही खाती एका रूपात, काही दुसऱ्या, आणि शोधलं तर निम्मीच सापडायची. महाराष्ट्रात जुना डेटा हलवणाऱ्यानं वऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे ही आडनावं आधी तपासून पाहावीत, एवढं सांगून ठेवतो.

तर हे दुरुस्त करता करता आम्हाला बरीच खाती दुहेरी दिसायला लागली. तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव, तेच गाव. आम्ही ती आपोआप एकत्र करणारा छोटा प्रोग्राम लिहिला, आणि डेटा कसा स्वच्छ झाला म्हणून एकमेकांची पाठही थोपटली.

पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी पट्टी घेऊन परत आले. त्यांच्या रकमेतून उचल कापली गेली होती आणि त्यांनी तर उचल घेतलीच नव्हती. भाऊबंदकीत आजोबांचं नाव नातवंडांना ठेवतात, त्यामुळे एका गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, वडिलांचीही नावं सारखी, हे आपल्याकडे काही नवल नाही. उचल होती दुसऱ्याची. ‘थो’ म्हणजे थोरला, ‘धा’ म्हणजे धाकला, ‘म’ म्हणजे मळ्यातला. पेढीच्या दिवाणजींनी प्रोग्राममध्ये जागा नव्हती म्हणून ‘पत्ता २’मध्ये ही खूण घालायची पद्धत पाडली होती. ते आम्हाला म्हणाले, “अहो, मला विचारायचं तरी.” खरं होतं. आम्ही मालकांशी चार बैठका केल्या होत्या. रोज पट्टी करणाऱ्या माणसाशेजारी एक दिवसही बसलो नव्हतो.

पैसे त्याच दिवशी परत दिले गेले. पण त्या शेतकऱ्यानं पुढचा माल दुसऱ्या गाळ्यावर उतरवला. अडतीच्या धंद्यात पट्टीवरचा विश्वास हाच काय तो माल असतो, आणि तो गेला आमच्यामुळे.

त्यानंतर काय बदललं ते सांगतो. नवा प्रोग्राम आम्ही थांबवला. त्याच प्रकारचा जुना कॉम्प्युटर शोधून फॉक्सप्रो पुन्हा चालू केलं आणि दोन्ही बरोबरीनं चालवले. मागच्या हंगामाच्या जुन्या पट्ट्या घ्यायच्या, तोच माल-भाव नव्यात घालायचा आणि निव्वळ रक्कम ताडून पाहायची. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या पुस्तकात अशा चाचण्यांबद्दल लिहिलंय. प्रोग्रामनं काय करायला हवं हे तिथं विचारायचं नसतं, तो आज काय करतो एवढंच आधी नोंदवायचं.

फरक लगेच दिसले. उदाहरणार्थ, तीन लॉट, प्रत्येकाची तोलाई साडेसात रुपये. जुना प्रोग्राम प्रत्येक ओळ पूर्ण रुपयात करायचा, म्हणजे आठ त्रिक चोवीस. आमचा बेरीज करून मग पूर्ण करायचा, साडेबावीसचे तेवीस. एका रुपयाचा फरक. कोण बरोबर? गणितानं आम्ही. पण शेतकरी खिशातल्या डायरीत ओळीनं हिशेब ठेवतो, त्याची बेरीज चोवीस येते. हा निर्णय आम्ही घ्यायचा नव्हता, पेढीनं घ्यायचा होता. त्यांनी जुनी पद्धत ठेवली.

अडतीच्या ओळीचंही तसंच. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. जुन्या प्रोग्राममध्ये दर शून्य करून काम भागवलं होतं, त्यामुळे पट्टीवर ‘अडत ०.००’ छापून यायचं. आम्ही ती ओळ काढणार होतो. दिवाणजी म्हणाले, राहू द्या, ती बघायलाच लोक पट्टी उलगडतात.

मग एकेक भाग हलवला. आधी नुसती छपाई, नंतर उचलीची खाती, शेवटी लिलावाच्या नोंदी. मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीला ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या एका झाडाचं नाव दिलंय. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं, खाली मुळं सोडतं, हळूहळू त्याला वेढून टाकतं. आपल्याकडे ताडाला वेढलेला वड पाहिला असेल, तोच प्रकार. यात वेळ जास्त गेला आणि दोन्हीकडे नोंदी करायला लागतात म्हणून पेढीतली मुलं कुरकुरली, तेही रास्तच होतं. जादा वेळेचं बिल आम्ही लावलं नाही. लावायला तोंडच नव्हतं.

नव्या प्रोग्राममध्ये खात्याच्या पानावर नावाखाली आता एक छोटा चौकोन आहे. त्याचं नाव काय ठेवायचं यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी ‘खूण’ असं ठेवलं. दिवाणजी त्यात अजूनही ‘थो’ आणि ‘धा’च लिहितात. आणि दोन खाती एकत्र करायची तर प्रोग्राम त्यांनाच विचारतो.