कवितेचे गिऱ्हाईक

आपले लिहिणे सर्वांस रुचले पाहिजे, हा हव्यास आमच्या नवीन लेखकांत फार बळावला आहे. कोणाचे मन दुखेल म्हणून रूढीवरील टीकाही दबक्या आवाजात करावयाची. मग जे उरते ते कोणाच्याच कामाचे नसते. केशराचे गिऱ्हाईक थोडे म्हणून सचोटीचा व्यापारी त्यात करडईच्या पाकळ्या मिसळीत नाही. (मिसळणारे आहेत, त्यांस आम्ही व्यापारी म्हणत नाही.)

१८८७ साली नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावासारख्या कापसाच्या पेठेतून ‘काव्यरत्नावली’ हे कवितेसच वाहिलेले मासिक काढिले. असल्या मालास गिऱ्हाईक ते किती असणार? तरी मासिक १९३५ पर्यंत चालले. ज्या मासिकांनी केशवसुतांच्या कविता छापल्या त्यांत हेही एक होते. कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे खरे नाव, पेशा शाळामास्तराचा. ‘तुतारी’ लिहिताना त्यांनी सनातन्यांची संमती मागितली नाही. १९०५ साली हुबळीस प्लेगाने ते वारले, तोवर त्यांच्या कवितांचे एकही पुस्तक निघाले नव्हते. पण जे मोजके वाचक मिळाले, त्यांत उद्याचे कवी होते. गोविंदाग्रज पुढे स्वतःस अभिमानाने त्यांचा चेला म्हणवीत.

केशवसुतांच्या पश्चात दोन वर्षांनी, १९०७ साली, जळगावासच कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला, आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन घरी गेला.